सूचना वरून, अर्ज खालून : ब्राउझरमधील घटना-हाताळणीचा इतिहास आणि मराठी अक्षर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. फळ्यावर एखादा नियम लिहून झाला की ते मागे वळून विचारीत, "हा नियम कोणी केला, आणि त्याआधी लोक काय करीत होते?" या प्रश्नाने इतिहासाचा तास गणिताच्या तासात शिरे आणि आम्हां मुलांना ते आवडे. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यात उमेदीची वर्षे घालविलेला मी एक साधा माजी विद्यार्थी आहे. तरीही गुरुजींचा तोच प्रश्न माझ्या व्यवसायातील एका अगदी लहान दिसणाऱ्या नियमाला विचारावा, असे हे निमंत्रण आले तेव्हा मनात आले.

संगणकाच्या पडद्यावरील पानावर आपण बोट ठेवले, कळ दाबली, अर्ज पाठविला, तर ते त्या पानाला कळावे कसे, आणि प्रथम कोणाला कळावे, असा तो प्रश्न आहे. या एका प्रश्नावर जगातील दोन बलाढ्य कंपन्यांनी दोन उलट उत्तरे दिली. त्यांच्यात समझोता होऊन तो सर्वत्र अमलात येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. दरम्यान त्याची झळ मराठीत आपले नाव लिहू पाहणाऱ्या माणसालाही लागली. त्या काळाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

१. घटना म्हणजे काय?

जुन्या पद्धतीची आज्ञावली स्वयंपाकाच्या कृतीसारखी असे. पहिली ओळ, मग दुसरी, मग तिसरी, आणि शेवटी उत्तर. वापरणाऱ्याने मध्ये बोलायचे नाही. पडद्यावर चित्रे आणि हातात माउस आल्यावर मात्र हा क्रम मोडला. माणूस कोणत्या क्षणी काय करील हे आज्ञावलीला आधी ठाऊक नसते. म्हणून तिने थांबून राहायचे आणि काही घडले की त्यास प्रतिसाद द्यायचा, अशी रचना करावी लागली. या घडण्याला संगणकाच्या परिभाषेत 'इव्हेंट' म्हणजे घटना म्हणतात. कळ दाबणे ही घटना, कळ सोडणे ही वेगळी घटना, बटणावर टिचकी मारणे ही आणखी वेगळी.

आता पान हे एकसंध नसते. एका मोठ्या चौकटीत लहान चौकट, तिच्यात अर्ज, अर्जात रकाने आणि शेवटी बटण, अशी ती उतरंड असते. बटणावर टिचकी पडली म्हणजे ती अर्जावरही पडली, चौकटीवरही पडली आणि साऱ्या पानावरही पडली. मग दखल प्रथम कोणी घ्यावी?

यासाठी शाळेपेक्षा चांगले उदाहरण मला सुचत नाही. मुख्याध्यापकांची सूचना निघते तेव्हा सूचनावही शिपायाच्या हाती वर्गावर्गांतून फिरते. वर्गशिक्षक ती वाचतात आणि मग ती विद्यार्थ्यापर्यंत पोचते. हा वरून खाली जाणारा प्रवास आहे. उलट विद्यार्थ्याला रजा हवी असली म्हणजे त्याचा अर्ज वर्गशिक्षकांकडे, तेथून पर्यवेक्षकांकडे आणि शेवटी मुख्याध्यापकांकडे जातो. हा खालून वर जाणारा प्रवास. दोन्ही मार्ग शाळेला लागतात. परंतु एखाद्या शाळेत सर्व कागद वरूनच खाली येतात आणि शेजारच्या शाळेत खालूनच वर जातात, असे झाले, तर दोन्ही शाळांत काम करणाऱ्या कारकुनाची काय त्रेधा होईल! ब्राउझरच्या जगात नेमके तेच घडले.

२. आरंभ : १९९५

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेत नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आइक या तरुण अभियंत्याने अवघ्या दहा दिवसांत एका लहान भाषेचा पहिला आराखडा उभा केला होता. तिचे नाव आधी मोका, नंतर लाइव्हस्क्रिप्ट आणि डिसेंबर १९९५ च्या घोषणेपासून जावास्क्रिप्ट.

तिची गरज व्यावहारिक होती. त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट चाले. अर्जातील एक रकाना रिकामा राहिला, एवढे सांगण्यासाठी सारा अर्ज दूरच्या संगणकाकडे जाऊन परत यावा लागे. ही तपासणी पानातच, जागच्या जागी करता आली तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचणार होते. म्हणून बटणाच्या वर्णनातच 'ऑनक्लिक' म्हणजे 'टिचकी पडल्यास' असे लिहून पुढे करावयाचे काम लिहिण्याची सोय नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीत आली. रीत सोपी होती आणि शिक्षकापासून दुकानदारापर्यंत कोणालाही जमण्याजोगी होती. तिच्यात एक उणीव मात्र होती. एका घटनेसाठी एकच जागा असे. दुसऱ्या कोणी त्याच जागी आपले काम लिहिले, तर पहिल्याचे पुसले जाई.

ऑगस्ट १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीत हीच भाषा जेस्क्रिप्ट या नावाने आणली. जून १९९७ मध्ये एकमा या संस्थेने भाषेचे व्याकरण प्रमाणित केले. पण या प्रमाणात घटनांविषयी काहीच नव्हते. व्याकरण ठरले, संभाषणाचे शिष्टाचार ठरायचे राहिले.

३. दोन उलट दिशा : १९९७

त्या वर्षी दोन्ही कंपन्यांच्या चौथ्या आवृत्त्या आल्या. नेटस्केपने ठरविले की घटना प्रथम सर्वांत वरच्या पातळीवर पकडावी आणि मग खाली न्यावी. ही सूचनावहीची रीत. मायक्रोसॉफ्टने ठरविले की घटना जेथे घडली तेथे प्रथम कळावी आणि पाण्यातील बुडबुड्यासारखी एकेक पातळी वर चढत जावी. ही अर्जाची रीत. तिला 'बबलिंग' हेच नाव पडले.

फरक दिशेपुरताच नव्हता. घटनेचा तपशील नेटस्केप हाताळणाऱ्या आज्ञावलीच्या हाती प्रत्यक्ष देई. मायक्रोसॉफ्ट तो एका सामाईक जागी, फळ्यावर लिहावा तसा ठेवी. घटना कोठे घडली हे सांगणाऱ्या गुणधर्माचे नाव एकाकडे 'टार्गेट', तर दुसऱ्याकडे 'सोर्सएलिमेंट'. दाबलेल्या कळीचा क्रमांक एकाकडे 'विच', तर दुसऱ्याकडे 'कीकोड'. जून १९९८ मध्ये विंडोज ९८ बरोबर इंटरनेट एक्सप्लोरर संगणकातच बसून येऊ लागला आणि स्पर्धेचा तोल झुकला. पानांच्या तळाशी 'हे पान अमुक ब्राउझरमध्येच पाहावे' अशा पाट्या दिसू लागल्या. ग्रंथालयाच्या दारावर 'अमुक कंपनीचा चष्मा घालणाऱ्यांसच प्रवेश' अशी पाटी लावण्यासारखाच तो प्रकार होता.

४. करार : नोव्हेंबर २०००

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने दोन्ही बाजू ऐकून १३ नोव्हेंबर २००० रोजी घटनांविषयीची आपली शिफारस प्रसिद्ध केली. तिच्यातील तोडगा मला आजही सुज्ञ वाटतो. तिने कोणालाच खोटे पाडले नाही. घटनेचा प्रवास तीन टप्प्यांत होईल, असे तिने ठरविले : आधी वरून खाली, मग जेथे घडली त्या स्थानी, आणि मग खालून वर. 'अ‍ॅडइव्हेंटलिसनर' नावाच्या नव्या रीतीने हाताळणारी आज्ञावली नोंदवावी आणि तिला जाताना ऐकायचे की येताना, हे नोंदविणाऱ्याने सांगावे. एकाच घटनेला कितीही जणांनी कान द्यावा. कोणी कोणाचे पुसणार नाही. सूचनाही राहिली आणि अर्जही राहिला.

दुसऱ्याच दिवशी नेटस्केपची सहावी आवृत्ती प्रसिद्ध झाली व तिच्यात ही रीत होती. पण ती आवृत्ती घाईने आलेली आणि मंद होती, आणि तोपर्यंत नेटस्केपचा प्रभावही ओसरला होता. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये पाचव्या आवृत्तीत 'अटॅचइव्हेंट' ही स्वतःची रीत आणली होती, आणि ऑगस्ट २००१ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीतही तीच कायम राहिली. तिच्यात घटना फक्त खालून वरच जाई. एका बटणाला दोन हाताळक जोडले तर आधी कोणता चालेल याची शाश्वती नसे. हाताळकाने 'मी कोणाचा?' असे विचारले तर ज्या बटणाला जोडले त्याचे नाव येण्याऐवजी साऱ्या खिडकीचे नाव येई. शिवाय पान आणि आज्ञावली एकमेकांना धरून बसली तर पान सोडून गेल्यावरही संगणकाची स्मृती मोकळी होत नसे.

सातवी आवृत्ती येण्यास ऑक्टोबर २००६ उजाडले. मधल्या वर्षांत एकदा अशी वेळ होती की जगातील दहांपैकी नऊ वाचकांकडे मायक्रोसॉफ्टचाच ब्राउझर होता. करार कागदावर होता. बहुसंख्य लोक करारात सामील न झालेल्या घरात राहत होते.

५. दुभाष्यांचे दशक

अशा वेळी पान लिहिणाऱ्याने काय करावे? एक मार्ग असा की ब्राउझरला नाव विचारावे आणि नावाप्रमाणे वागावे. हा मार्ग फसवा ठरला, कारण ब्राउझर खरे नाव सांगत नसत. नेटस्केपसाठी लिहिलेली पाने आपल्यालाही मिळावीत म्हणून इंटरनेट एक्सप्लोररने स्वतःची ओळख 'मोझिला' या नेटस्केपच्या टोपणनावाने करून दिली, आणि त्या पायंड्याने आजचे जवळजवळ सर्वच ब्राउझर स्वतःला प्रथम मोझिला म्हणवितात.

दुसरा मार्ग गुणाची परीक्षा घेण्याचा. 'तुला अ‍ॅडइव्हेंटलिसनर येते का? नसल्यास अटॅचइव्हेंट येते का? तेही नसल्यास जुन्या ऑनक्लिकने काम चालवू.' नाव विचारू नये, काम येते का ते विचारावे. हे शहाणपण २००१ नंतर लहान-लहान साहाय्यक आज्ञावल्यांत उतरले. २००५ मध्ये पीटर-पॉल कॉख या डच तज्ज्ञाने अशी सर्वांत चांगली आज्ञावली कोण लिहितो याची खुली स्पर्धाच ठेवली. ती जॉन रेसिग या अमेरिकन तरुणाने जिंकली आणि जानेवारी २००६ मध्ये त्याच रेसिगने जेक्वेरी हा संच जगापुढे ठेवला. जेक्वेरीने पान लिहिणाऱ्याला एकच बोली दिली. खाली कोणता ब्राउझर आहे आणि त्याची बोली कोणती, याची चिंता तिने स्वतःकडे घेतली.

बडोद्याच्या माणसाला यात नवे काही वाटू नये. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात प्रजा गुजराती बोले, दरबारात मराठीचा वावर होता, जुन्या दफ्तरांत फारसी-उर्दू शब्द होते आणि नव्या कायद्यांत इंग्रजी. एकच अधिकार, एकच दाखला, पण प्रत्येक कचेरीत त्याला वेगळे नाव. १९३१ मध्ये राज्याने 'श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरु' हा कोश प्रसिद्ध केला. त्यात राज्यकारभारातील संज्ञा आठ भाषांत शेजारी-शेजारी मांडल्या होत्या. कोशाने कोणत्याही भाषेला हद्दपार केले नाही. पण एका भाषेतील कारकुनाला दुसऱ्या भाषेतील कागद वाचता येईल, अशी सोय केली. जेक्वेरीचे काम याच जातीचे होते. अशा कोशाची आवश्यकता भासणे हेच व्यवहार अजून एक झाला नसल्याचे लक्षण असते, हेही आपण ध्यानात ठेवू.

६. मराठी अक्षराची कळ

आता या इतिहासाचा जो भाग मला सर्वांत जवळचा, त्याकडे वळतो.

इंग्रजी लिहिणाऱ्याला कळ दाबली की अक्षर मिळते. मध्ये घटना घडली, हे त्याला कळण्याचेही कारण नसते. मराठीचे तसे नव्हते. सायबर कॅफेत बसलेल्या माणसाला तेथील संगणकाच्या मांडणीत हात घालता येत नसे. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरीची सोय होती, पण ती आधी चालू करून घ्यावी लागे. इन्स्क्रिप्टचा कळफलक थोड्यांनाच ठाऊक होता. म्हणून उपाय निघाला तो असा की, पानातील जावास्क्रिप्टनेच प्रत्येक कळीची घटना पकडावी, रोमन अक्षर अडवावे आणि त्या जागी देवनागरी उमटवावे.

आपल्या गावाचेच नाव घ्या. 'बडोदे' लिहिण्यासाठी रोमन कळफलकावर सहा कळा लागतात. 'बी' दाबताच 'ब्' उमटावे. 'ए' दाबताच नवे अक्षर न येता मागच्या 'ब्'चा पाय मोडलेला जोडून 'ब' व्हावा. मग मोठ्या लिपीतील 'डी'ने 'ड्', पुढच्या 'ओ'ने त्याचा 'डो'. धाकट्या 'डी'ने 'द्' आणि 'ई'ने 'दे'. म्हणजे प्रत्येक कळीला आज्ञावलीने मागे वळून पाहायचे, आधीचे अक्षर कोणते ते तपासायचे, ते पुसायचे आणि नवे मांडायचे. तेही लिहिणाऱ्याच्या हाताच्या वेगाने.

येथे दोन ब्राउझरांतील फरक उंबरठ्यासारखा आडवा आला. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दाबलेल्या कळीचा क्रमांक आज्ञावलीला बदलता येत असे; 'क' दाबले असता 'ख' दाबले असे ब्राउझरला पटविता येई. मोझिलाच्या कुळातील ब्राउझरांत तो क्रमांक वाचता येई, बदलता येत नसे. तेथे मूळ घटना रद्द करून, लिहिण्याची खूण रकान्यात कोठे आहे ते शोधून, अक्षर हाताने पेरावे लागे. ती खूण शोधण्याची रीतही दोघांची वेगळी. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली आणि तिचे वाचक वाढू लागले, तेव्हा मराठी लेखनाच्या आज्ञावल्यांना दोन्ही वाटा सांभाळणे भाग पडले. ओंकार जोशी यांच्या 'गमभन' या लेखनसुविधेने हे काम चोख केले आणि अनेक मराठी संकेतस्थळांनी ती आपलीशी केली. परदेशातील, बडोद्यातील, इंदूरमधील मराठी माणूस कोणताही खर्च न करता देवनागरीत लिहू लागला, याचे बरेचसे श्रेय पडद्याआड राहून कळीची घटना पकडणाऱ्या अशा दुभाष्यांना आहे.

याच काळातील माझी स्वतःची एक चूक सांगतो. २००२ च्या सुमारास एका शिक्षणसंस्थेसाठी माजी विद्यार्थ्यांच्या नावनोंदणीचे पान मी तयार केले. माझ्या टेबलावर इंटरनेट एक्सप्लोरर होता; जग म्हणजे तेवढेच, असे मी धरून चाललो. कळीचा क्रमांक बदलून एका खाजगी मराठी फॉन्टची अक्षरे उमटतील अशी युक्ती केली आणि ती उत्तम चालली. काही महिन्यांनी परदेशात स्थायिक झालेल्या एका वयोवृद्ध माजी विद्यार्थ्याचे टपालाने पत्र आले. वळणदार मोडी-धाटणीच्या अक्षरात त्यांनी कळविले होते की पान उघडते, पण त्यांच्या संगणकावर त्यांचे नाव मराठीत उमटत नाही; तरी सोबतच्या चिठ्ठीवरील नाव कोणी तरी कृपा करून चढवावे. दहांपैकी नऊ वाचकांची सोय केली म्हणून मी समाधानी होतो. त्या चिठ्ठीने मला दहावा वाचक दिसला. मी त्यांचे नाव चढविले, पण आज्ञावली दुरुस्त केली नाही. तेवढा वेळ नव्हता, असे तेव्हा वाटले.

७. काय टिकले आणि काय गेले

मार्च २०११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या नवव्या आवृत्तीने अखेर 'अ‍ॅडइव्हेंटलिसनर' स्वीकारले. करारानंतर दहा वर्षे आणि चार महिने लोटले होते. २०१३ मधील अकराव्या आवृत्तीतून 'अटॅचइव्हेंट' काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी जेक्वेरीनेही आपल्या दुसऱ्या आवृत्तीत जुन्या ब्राउझरांसाठीचा दुभाषीपणा सोडला. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररला निवृत्त केले.

जिंकलेल्या पक्षाने हरलेल्या पक्षाच्या खुणा पुसल्या असत्या तर नवल नव्हते. तसे झाले नाही. मायक्रोसॉफ्टच्या कित्येक जुन्या संज्ञा, 'सोर्सएलिमेंट' आणि घटनेची ती सामाईक जागासुद्धा, आजच्या प्रमाणात 'जुन्या पानांसाठी राखलेल्या' म्हणून नोंदल्या आहेत आणि कालांतराने फायरफॉक्सनेही त्या स्वीकारल्या. १९९५ मधील 'ऑनक्लिक' आजही चालते. प्रमाण सांभाळणाऱ्यांनी हे एक व्रत मानले आहे की, आधी लिहिलेली पाने शक्यतो मोडू द्यायची नाहीत. व्रताला अपवाद होतात. २००० च्या कराराने पानातील बदल कळविणाऱ्या ज्या घटना मान्य केल्या होत्या, त्या काम मंद करतात असे आढळल्यावर त्यांना पर्याय देण्यात आला, त्या सोडण्याची सूचना वर्षानुवर्षे दिली गेली, आणि मगच २०२४ मध्ये क्रोमने त्या काढल्या. काढण्यालाही रीत असते.

या पार्श्वभूमीवर मी केलेल्या त्या नोंदणीपानाचे पुढे काय झाले ते ऐका. काही वर्षांपूर्वी त्याची जुनी प्रत एका तबकडीवर सापडली. ती मी आजच्या ब्राउझरमध्ये उघडली. 'यादी पाहा' या बटणावर टिचकी मारली आणि बटण चालले. दोन दशकांपूर्वी लिहिलेली 'ऑनक्लिक'ची ओळ जागी होती. यादी उघडली, पण नावांच्या जागी रोमन अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांची अर्थहीन रांग होती.

कारण उघड होते. त्या खाजगी फॉन्टमध्ये 'क' म्हणून जे साठविले जाई ते प्रत्यक्षात एखाद्या रोमन अक्षराचे चिन्ह असे. फॉन्ट त्यावर केवळ मराठी मुखवटा चढवी. प्रत्येक फॉन्टचा मुखवटा वेगळा. त्या काळी असे फॉन्ट वाचकाकडे आपोआप पोचविण्याची नेटस्केपची एक रीत होती आणि मायक्रोसॉफ्टची दुसरी. दोन्ही आपापल्या मालकांबरोबर गेल्या. १९९१ पासून युनिकोडच्या रूपाने प्रत्येक देवनागरी अक्षराला जगाने मान्य केलेला क्रमांक होता. तो करार मी वापरला नव्हता. बटण कराराच्या आत होते म्हणून टिकले. नावे कराराच्या बाहेर होती म्हणून गेली.

पुढे तो फॉन्ट एका जुन्या तबकडीवर मिळाला आणि परिवर्तक आज्ञावलीने बहुतेक नावे परत आली. जी जोडाक्षरे फुटली होती ती त्या संस्थेच्या कागदी नोंदवह्यांशी ताडून लावावी लागली. शाईने लिहिलेली पाने शंभरीकडे झुकलेली होती, तरी एकेक नाव स्पष्ट होते. त्या वृद्ध गृहस्थांची चिठ्ठीही त्याच वहीत जपून ठेवलेली मिळाली. संगणकाने गमावलेले त्यांचे नाव चिठ्ठीवरून पुन्हा चढविले. या वेळी युनिकोडमध्ये.

८. नवे ब्राउझर, नव्या फटी

वाद आता संपले असे कोणी समजू नये. २००७ मध्ये आयफोन आला आणि माउसची जागा बोटाने घेतली. बोटाच्या घटना वेगळ्या. एकदा टेकविलेले बोट लगेच दुसऱ्यांदा टेकणार आहे का, हे पाहण्यासाठी ब्राउझर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबू लागले आणि साधी टिचकीही आळसावली. माउस, बोट आणि लेखणी यांना एकाच नात्याने वागविणाऱ्या 'पॉइंटर' घटना मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये पुढे आणल्या, फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांची शिफारस झाली आणि २०१९ मध्ये अ‍ॅपलच्या सफारीनेही त्या स्वीकारल्या. एकेकाळी कराराबाहेर राहिलेली कंपनी या वेळी कराराची पहिली मांडणी करणारी ठरली, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे.

मराठी लेखनापुढेही नवा प्रश्न आला. अँड्रॉइड फोनवरील पडद्याचा कळफलक शब्दांचा अंदाज बांधून लिहितो. त्यामुळे कोणती कळ दाबली असे पानाने विचारले, तर क्रोममध्ये बहुधा २२९ हा एकच क्रमांक उत्तरादाखल मिळतो. त्याचा अर्थ 'लेखन चालू आहे, कळ विचारू नका' एवढाच. कळ पकडून अक्षर बदलणाऱ्या जुन्या आज्ञावल्या येथे निरुपयोगी झाल्या. परंतु तोवर मराठी कळफलक फोनमध्येच आला होता आणि दुभाष्याचे काम मूळ यंत्रणेने स्वीकारले होते. दुभाष्याची गरज सरावी, हेच त्याच्या कामाचे साफल्य होय.

९. समारोप

गुरुजींच्या प्रश्नाकडे परत येतो. हा नियम कोणी केला? एकट्याने कोणी केला नाही. वरून खाली म्हणणारे आणि खालून वर म्हणणारे यांनी एकमेकांची रीत मान्य केली तेव्हा तो झाला. त्याआधी लोक काय करीत होते? काही जण 'आमच्याच ब्राउझरने या' अशी पाटी लावीत होते. काही जण प्रत्येक ओळ दोनदा लिहून दहाव्या वाचकालाही आत घेत होते. पहिल्यांची पाने आज कोणास आठवत नाहीत. दुसऱ्यांची कामगिरी प्रमाणात विरून गेली, म्हणून त्यांची नावेही फारशी कोणास ठाऊक नाहीत. पण आपण आज निर्वेधपणे जे लिहितो-वाचतो त्यात ती आहे.

महाराष्ट्राबाहेर मराठी सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून एक व्यावहारिक कर्तव्य सुचते. १९०९ पासून २०१८ पर्यंत मराठी साहित्य संमेलने या शहरात पुनःपुन्हा भरली; येथील घराघरांत, संस्थासंस्थांत मराठी लेखनाचा साठा आहे. त्यातील गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला पुष्कळसा भाग जुन्या खाजगी फॉन्टमध्ये, तबकड्यांवर आणि बंद पडलेल्या संगणकांत असेल. हस्तलिखितापेक्षा तो अधिक नाजूक आहे. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, आपापल्या घरातील असा मजकूर शोधावा, फॉन्ट उपलब्ध असेतोवर तो युनिकोडमध्ये आणावा, आणि एक कागदी प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. शाळेतील मुलांनी पाने लिहावीत तेव्हा, पलीकडे कोणाकडे कोणता संगणक असेल हे आपल्याला ठाऊक नाही, एवढे धरून लिहावे.